सीडी संगणकावर उतरवायच्या आहेत? आधी फॉर्मॅट ठरवा

गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या सीडींचे काय होते, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कव्हरातला कागद फुगतो, चकतीवर बुरशीचे ठिपके येतात. नाट्यगीते, ख्याल, गावच्या मंडळाची भजने यांतले बरेच काही पुन्हा विकत मिळणार नाही, म्हणून उतरवून ठेवणे भाग आहे. मी आजवर चारशेच्या वर सीडी उतरवल्या. त्यातल्या पहिल्या ऐंशी दोनदा उतरवाव्या लागल्या, आणि त्याला कारण एकच: फॉर्मॅट चुकला.

सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. छापील बाजू जास्त जपा. चंदेरी थर त्या बाजूला असतो आणि त्याच्यावर वार्निशसारखे पातळ आवरण तेवढे असते.

आता फॉर्मॅट. आवाज जराही न गमावता साठवणारे तीन पर्याय कामाचे आहेत: वेव्ह, फ्लॅक आणि अ‍ॅपलचा एएलएसी. ‘वेव्हमध्ये कॉम्प्रेशन नाही, म्हणून आवाज जास्त शुद्ध’ हा सल्ला मला एका जाणत्या माणसाने दिला होता आणि मी तो ऐकला. तो साफ चुकीचा आहे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावीकडे आणि उजवीकडे वेगळा. फ्लॅक तेच आकडे घडी घालून ठेवतो आणि वाजवताना जसेच्या तसे उलगडतो. फ्लॅकची फाइल पुन्हा वेव्ह करून मूळ फाइलशी ताडून पाहा, आवाजाचा एक बिटही वेगळा निघणार नाही.

वेव्हने मला मारले ते नावांनी. गायक, राग, नाटक ही माहिती वेव्हच्या आत कशी लिहावी, याबाबत सगळ्या सॉफ्टवेअरांचे एकमत नाही. एकाने लिहिलेले दुसऱ्याला दिसत नाही, आणि देवनागरी तर हमखास बिघडते. मी संगणक बदलला आणि ऐंशी सीडींच्या याद्या ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ होऊन बसल्या. कुठला यमन कुणाचा, हे ऐकून ओळखत बसलो. फ्लॅकमध्ये टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली ही माहिती, युनिकोडमध्येच लिहिले जातात. राग, ताल, नाटक असे आपल्याला हवे ते रकाने जोडता येतात. रकान्याचे नाव रोमन लिपीत लागते, आतला मजकूर मात्र खुशाल देवनागरीत लिहा.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने याहून मोठे. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा, साठवलेला असतो. पाच वर्षांनी हार्ड डिस्क कुठे कुजली असेल, तर फाइल तपासताच ते कळते. वेव्ह बिघडली तर ती गाण्याच्या मध्येच कर्कश आवाज करून सांगते, तोवर सीडीही राहिलेली नसते.

जागाही वाचते. तासाभराची सीडी वेव्हमध्ये सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मी ते दोन-तृतीयांश. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी मोनो आहेत. अशी गाणी सीडीवर दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी घातलेली असतील, तर फाइल आणखी बरीच लहान होते. कॉम्प्रेशनची पातळी ५ ठेवा. ८ ने वेळ जास्त लागतो, जागा किंचित वाचते, आवाज तोच राहतो.

घरात सगळी अ‍ॅपलचीच उपकरणे असतील तर एएलएसी घ्या. त्यांचे म्युझिक अ‍ॅप फ्लॅक आत घेत नाही. एक सावधगिरी: एएलएसी आणि आवाज गमावणारा एएसी, दोघांच्याही फाइलींना एमफोरए हेच शेपूट लागते. सेटिंगमध्ये ‘लॉसलेस’ निवडले आहे ना, हे पहिल्याच सीडीला तपासा. पुढे मन बदलले तर एएलएसीतून फ्लॅक काहीही न गमावता करता येतो. एमपीथ्रीचा फ्लॅक मात्र कधीच करू नका. गेलेले स्वर परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. सीडीवरून ९६ किलोहर्ट्झ किंवा २४ बिटांची फाइल बनवण्यातही काही अर्थ नाही.

रिप करायला, म्हणजे सीडी संगणकावर उतरवायला, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. ही दोन्ही आपली प्रत अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदसाठ्यातल्या, इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून पाहतात. गावच्या भजनी मंडळाची किंवा तियात्राची (कोकणी संगीत नाटकाची) सीडी तिथे सहसा सापडत नाही. अशी सीडी दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही वेळचा सीआरसी आकडा (वाचलेल्या आवाजावरून सॉफ्टवेअर काढते तो पडताळणीचा आकडा) जुळला तरच पुढे जा. जुळला नाही तर पुन्हा पुसा, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा.

टॅग त्याच दिवशी भरा, सीडीची पुस्तिका समोर असतानाच.

प्रती दोन ठेवा. माझी एक डिस्क फोंड्याला घरी असते, दुसरी सत्तरीत बहिणीकडे. दर वर्षी चवथीची साफसफाई निघाली की दोन्ही जोडतो आणि सगळ्या फाइलींची तपासणी रात्रभर लावून ठेवतो. बिघडलेली फाइल निघाली तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत तिच्या जागी ठेवतो.