नळीने चीक पाजताना

नुकत्याच जन्मलेल्या वासराला चीक, म्हणजे गाय व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजायला तोंडातून अन्ननळीत उतरवायची नळी हे शेवटचं हत्यार. वासरू बाटलीने ओढत असेल तर नळी खुंटीवरच राहू द्या. आमच्या फलटण भागात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) या संकरित-विदेशी जातीच्या गाई जास्त. त्यांचं वासरू अंगाने मोठं, त्यामुळे गाय अडते, ओढून काढावं लागतं आणि मग ते तासभर मलूल होऊन बसतं. अशाच वासराला नळी लागते.

आधी स्वच्छ धुतलेलं बोट तोंडात घालून बघा. बोट चोखतंय, जीभ गुंडाळतंय, तर बाटली द्या आणि धीर धरा. जन्मून दोन तास होत आले, तरी चोखतच नाही, तेव्हा नळी. मात्र आडवं पडलेलं, डोकं उचलत नसलेलं किंवा तोंड आतून गार लागणारं वासरू असेल तर नळीला हात लावू नका. त्याला गोणपाटाने खसाखसा पुसा, ऊब द्या आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ हा पशुसेवेचा टोल फ्री नंबर गोठ्याच्या भिंतीवरच लिहून ठेवा.

घाई कशाला, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. जार (वार) पडल्याशिवाय चीक काढू नये, ही त्यांची रीत. पण गाईच्या पोटात असताना वासराला तिच्याकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही. ती सगळी चिकातून येते, आणि ती रक्तात घ्यायची आतड्याची शक्ती तासागणिक कमी होत २४ तासांत संपते. जार पडायला कधी बारा तास लागतात. तोवर थांबलो तर चीक पोटात जातो, पण उपयोग निम्म्याहून कमी. उलट गाईला लवकर पिळलं की जार सुटायला मदतच होते, हे त्यांना पटलं तेव्हा वाद मिटला. खरवसाचं म्हणाल तर तो दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो, दूध थोडं कमी घालायचं.

किती पाजायचं? वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा. ३५-४० किलोच्या एचएफ वासराला साडेतीन ते चार लिटर, खिलारचं वीस-बावीस किलोचं असेल तर दोन लिटर. चीक चांगला आहे का, हे ऊस पिकलाय का बघायच्या ब्रिक्स मीटरवरच कळतं. काचेवर थेंब टाका. २२ किंवा वर आकडा आला की उत्तम. फ्रीजमधला चीक असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून वासराच्या अंगाइतका गरम करा. गॅसवर ठेवलात तर नळीतून खरवस पाजायची वेळ येईल.

आता नळी. टोकाला गोल फुगवटा असलेलीच घ्या, कापलेला पाइप नको. फुगवट्यावरून बोट फिरवून खरबरीत जागा, चीर नाही ना ते बघा. वासराच्या नाकाच्या शेंड्यापासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत नळी धरून तिथे चिकटपट्टी लावा. त्यापुढे सरकवायची नाही.

वासराला उभं करून मागची बाजू भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा. उभं राहत नसेल तर पाय मुडपून छातीवर बसवा. कुशीवर असताना कधीच नाही. मान सरळ, नाक कानांपेक्षा खाली. डोकं वर ओढून धरलं की श्वासनळीची वाट उघडी राहते, आणि मदतीला आलेला माणूस नेमकं तेच करतो. त्याला आधीच बजावा.

नळीचा चाप बंद. फुगवटा चिकात बुडवून ओला करा, तोंडाच्या कडेने, जिभेवरून मागे न्या आणि थांबा. वासरू चावेल, मग गिळेल. गिळतं तेव्हाच हलकेच पुढे. जोर लावावा लागतोय म्हणजे वाट चुकली.

यापुढचं अर्धं मिनिट सगळ्यात मोलाचं. मानेला बाहेरून हात लावा. श्वासनळी कडक, कड्याकड्यांची लागते. तिच्या शेजारी, बहुतेक डाव्या अंगाला, दुसरी कडक काठी लागली पाहिजे. ती तुमची नळी. नळी जराशी मागेपुढे केली की फुगवटा बोटाखाली सरकतो. एकच नळी लागतेय, तर बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. ठसका लागला तरी काढा. ठसका लागला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, अशक्त वासरू खोकतही नाही. दोन नळ्या स्वतःच्या बोटांना लागल्याशिवाय एक थेंबही सोडायचा नाही.

मग नळीला जोडलेली चिकाची पिशवी वासराच्या डोक्याच्या जरा वर धरा आणि चाप उघडा. चीक आपल्या वजनाने उतरू दे, तीन-पाच मिनिटं लागतात. पिशवी दाबायची नाही. तोंडात किंवा नाकात चीक दिसला तर लगेच पिशवी खाली, चाप बंद, नळी बाहेर. पिशवी रिकामी झाली की थोडं थांबा, चाप लावा किंवा नळी मुडपून धरा आणि एका ओढीत काढा. नळीत उरलेले थेंब श्वासनळीवर पडून फुप्फुसात जातात ते इथेच.

पुढचं पाजणं आठ ते बारा तासांनी, आणि ते बाटलीने. रोज नळीने दूध घालायची सवय लावू नका. नळीने दूध आधी कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, उतरतं आणि तिथे आंबतं. पहिल्या चिकाला ते चालतं, कारण तेव्हा कोटीपोट लहान असतं आणि भरून पुढे वाहतं. नंतरच्या दिवसांत धाप, खोकला, ताप दिसला तर पाजताना काय झालं होतं ते डॉक्टरांना खरं सांगा.

नळी धुताना आधी कोमट पाणी. उकळतं पाणी पहिल्यांदा घातलं तर चीक आतच शिजून चिकटतो. मग गरम पाणी आणि साबण, आतून ब्रश, आणि तोंड खाली करून टांगा. हगवण लागलेल्या वासराला मीठ-साखरेचं पाणी पाजायची नळी वेगळी ठेवा. आमच्याकडे त्या नळीला लाल चिकटपट्टी आहे.