पंपाची थरथर: बॅलन्सिंग करून घेताना या चुका टाळा

पंपाचं फिरतं पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलर काढला, बॅलन्सिंगला (वजनाचं असंतुलन घालवायला) पाठवला, रिपोर्ट चांगला आला, परत बसवला आणि पंप आधीसारखाच थरथरतोय. मग खापर फुटतं बॅलन्सिंग करणाऱ्यावर. पण बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते: मुळात दुखणं असंतुलनाचं नव्हतंच, किंवा मशीनवर साधलेलं संतुलन पंपात बसवताना हरवलं.

निदानाआधीच इंपेलर उचकटणं

असंतुलनाची खूण ठरलेली आहे. कंपन शाफ्टच्या आडव्या-उभ्या दिशेत जास्त आणि वेगाच्या बरोबर एकपट. 1450 आरपीएमच्या पंपात ते साधारण 24 हर्ट्झवर दिसतं. दुप्पट वारंवारितेवर आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जोर दिसला तर आधी कपलिंगचं (मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्याचं) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते बघा. पाच पात्यांच्या इंपेलरला 121 हर्ट्झच्या आसपास शिखर आलं तर तो पात्यांचा आणि केसिंगचा मामला आहे. आतून खडे वाजल्यासारखा आवाज येत असेल तर सक्शन, म्हणजे पाणी आत ओढणारी बाजू, तपासा. तिथे बॅलन्सिंगचा काही उपयोग नाही.

अडचण अशी की एकपट वेगावरचं कंपन वाकलेल्या शाफ्टमुळेही येतं, एखादा जलमार्ग कचऱ्याने बुजला तरी येतं आणि बेसप्लेट त्या वेगाला अनुनादात (स्वतःच्या नैसर्गिक लयीत थरथरत) असली तरीही येतं. त्यामुळे नुसत्या मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा कमी-जास्त करून बघा. निव्वळ वजनाच्या असंतुलनाला प्रवाहाशी देणंघेणं नसतं. व्हॉल्व्हबरोबर थरथर ठळकपणे बदलली तर दोष पाण्याच्या बाजूला शोधा. मोटरचा वीजपुरवठा तोडताक्षणी कंपन गायब झालं तर कारण विजेचं. वेगाबरोबर हळूहळू उतरलं तर यांत्रिक. कपलिंग सोडून मोटर एकटी चालवून पाहिली की निम्मा गोंधळ मिटतो. शिवाय पंप बंद असताना पायाचा एकेक बोल्ट सैल करून डायल गेज लावा. पाय 0.05 मिमीपेक्षा जास्त उचलला तर खाली शिम (पातळ पत्रा) हवी. या सगळ्याला फार तर अर्धा दिवस जातो. इंपेलर काढून परत बसवण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त.

मँड्रेल आणि की: खरी गळती इथे होते

आकड्यांनी बघू. 10 किलोचा इंपेलर, 2900 आरपीएम, संतुलनाचा दर्जा जी 6.3, पंपांच्या इंपेलरला आयएसओ 21940-11 या मानकाप्रमाणे सहसा हाच धरतात. या हिशेबाने चालणारं असंतुलन साधारण 207 ग्रॅम-मिमी येतं, म्हणजे 100 मिमी त्रिज्येवर जेमतेम दोन ग्रॅम. आता हाच इंपेलर मँड्रेलवर (बॅलन्सिंग मशीनवर तो बसवायच्या दांड्यावर) किंचित ढिला बसला आणि त्याचा मध्य 0.02 मिमी सरकला, तर 10,000 ग्रॅम गुणिले 0.02, म्हणजे 200 ग्रॅम-मिमी. अख्खी सवलत एका सैल बोअरने खाल्ली. रिपोर्टवर यातलं काही दिसत नाही, कारण मशीनच्या लेखी तोच मध्य खरा असतो. म्हणून आधी मँड्रेलचा रनआउट (फिरताना तो किती डोलतो ते) डायलने बघा आणि काम झाल्यावर इंपेलर मँड्रेलवरच 180 अंश फिरवून पुन्हा रीडिंग घ्या. रीडिंग लक्षणीय बदललं तर दोष बसवणीचा आहे.

कीचंही (शाफ्ट आणि इंपेलर एकमेकांत अडकवणाऱ्या पट्टीचंही) तसंच. 8×7×50 मिमीची स्टीलची की सुमारे 22 ग्रॅम भरते. 30 मिमी शाफ्टवर तिचा बाहेर राहणारा भाग साधारण 150 ग्रॅम-मिमीचा फरक पाडतो. शाफ्ट पूर्ण की लावून बॅलन्स केला आणि इंपेलर अर्धी की धरून, तर जोडणीनंतर दोघांचा हिशेब जुळणारच नाही. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा आणि ती लिहून कळवा. तोंडी सांगितलेलं शॉप फ्लोअरवर टिकत नाही. कपलिंगची की गरजेपेक्षा लांब कापून टोक बाहेर ठेवण्याची सवयही सोडा.

रिपोर्ट हातात आला की आधी आरपीएम वाचा. मशीन 600 वर फिरवतात, हे ठीक आहे. पण सवलतही 600 च्याच हिशेबाने काढली असेल तर 2900 वर चालणाऱ्या पंपासाठी ती जवळजवळ पाचपट ढिली ठरते.

ग्राइंडर कुठे चालवायचा

जड बाजू सापडली की एकाच जागी खोल खड्डा पाडणारे फिटर भेटतात. तिथे श्राउड (इंपेलरची बाजूची तबकडी) पातळ होतो आणि पुढे झीजही तिथूनच सुरू होते. रुंद पट्ट्यात थोडं थोडं घासा आणि पात्यांना हात लावू नका. पात्याचा आकार बदलला की पाण्याचं वागणंही बदलतं. हलक्या बाजूला वेल्डिंगने वजन चढवण्याची कल्पना कास्ट आयर्नवर तडा जाण्याला निमंत्रण आहे.

साचलेली पपडी न काढता बॅलन्स करणं तर निव्वळ वाया. आठवड्याने एक पपडी गळून पडली की सगळं फुकट. इंपेलरचा व्यास लेथवर कमी केला असेल तरी नव्याने बॅलन्सिंग हवंच.

अरुंद, एका टप्प्याच्या इंपेलरला सहसा एका प्रतलात दुरुस्ती पुरते. बहुटप्पी पंपाच्या लांब रोटरला मात्र दोन प्रतलं लागतात. तो रुळांवर ठेवून स्थिर दिसला म्हणून खूश होऊ नका. दोन्ही टोकांना उलट दिशेने असलेली जड जागा रुळांवर दिसतच नाही, ती फिरताना कळते.

पिस्टनच्या पंपाची गोष्ट वेगळी

मागे-पुढे जाणाऱ्या भागांचा जोर फिरत्या काउंटरवेटने पूर्ण मारता येत नाही. एका दिशेतला जोर पूर्ण मारला तर तेवढाच काटकोनातल्या दिशेत उभा राहतो. म्हणून एकाच पिस्टनच्या पंपात वजन वाढवत नेण्याला अर्थ नसतो. तडजोड करून थांबायचं. तीन प्लंजरच्या पंपात क्रँक 120 अंशांवर असल्याने मुख्य जोर आपसात मिटतात, पण फक्त तिन्ही प्लंजर सारख्या वजनाचे असतील तरच. एखादा बदलताना जुन्याशेजारी तराजूवर ठेवून बघा. जोर मिटले तरी ते एका रेषेत नसल्याने मशीनला डोलवणारा आघूर्ण शिल्लक राहतो. तो बेसप्लेट आणि फाउंडेशन बोल्टनेच पेलावा लागतो.