मोरान-सोल्निए ‘एल’: रबरावर उडणारं मॉडेल

फ्रेंचांच्या टेहळणी विमानांपैकी मॉडेलसाठी पहिलं हेच घ्यावं. आधीच्या ब्लेरिओ-११ विमानात खालची जमीन पंखांआड जायची. १९१३ च्या ‘एल’मध्ये पंख छत्रीसारखा डोक्यावर नेला, म्हणून नाव पॅरासोल. वजन पंखाखाली लटकतं, त्यामुळे मॉडेलही सावरून उडतं.

मूळ पंख ११.२ मीटर, लांबी ६.८८. १:२० ने पंख ५६ सेंमी, धड ३४, पंखाची रुंदी साधारण ८. धडाला ३ मिमी बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) काड्या, फासळ्यांना १.५ मिमी शीट. पंखाच्या पुढच्या कडेला बुरडाकडची बांबूची कामटी, १.५ मिमी जाड. दोन्ही बाजूंच्या कामट्या एकाच पेरातून उभ्या चिराव्यात. वेगवेगळ्या घेतल्या तर एक बाजू जड होते. टोकाचा वाक मेणबत्तीवर हळूहळू द्यावा. वाकावर गाठ आली, तर तिथेच मोडते.

दोन्ही टोकं अडीच सेंमी उचललेली हवीत. मूळ विमानाला स्थिर आडवं शेपूट नव्हतंच, मागचा आख्खा पृष्ठभाग हलायचा. वैमानिकाला दांडा सोडायची सोय नव्हती. मॉडेलमध्ये शेपूट पक्कं चिकटवून नकाशापेक्षा २० टक्के मोठं करावं, पण हलकं: नाक आखूड आहे, मागे १ ग्रॅम वाढला की पुढे सुमारे ३ ग्रॅम क्ले लागते.

पतंगी कागद पातळ फेविकॉलने लावून पाण्याचा बारीक फवारा द्यावा आणि पंख लगेच पाटावर टाचण्यांनी दाबावा. नागपूरच्या मे महिन्यात कागद मिनिटांत आवळतो, मोकळा पंख पिळला जातो आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. मूळ विमानाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) नव्हते, तारा ओढून पंख पिळूनच ते कलायचं. मॉडेलमध्ये तारांच्या जागी शिवणाचा धागा घ्यावा, पण ताण बिलकूल देऊ नये.

६ इंची प्रोपेलर, ३ मिमी रबराचं एक वेटोळं. रबराला एरंडेल चोळावं. मूळ विमानाच्या नोम इंजिनातही वंगण म्हणून एरंडेलच असायचं. प्रोपेलर ३ अंश खाली, २ अंश उजवीकडे झुकवावा.

तोल पुढच्या कडेपासून अडीच सेंमीवर हवा. कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर, पहाटे वारा पडलेला असताना आधी रबर न पिळता सोडून पाहावं. नाक वर करून आपटलं, तर नाकात अर्धा ग्रॅम क्ले. सरळ खाली घुसलं, तर शेपटाची मागची कड १ मिमी वर. मग १०० पीळ. घरी आल्यावर रबर काढून अंधाऱ्या डब्यात ठेवावं, उन्हात ते चिरतं.