पुरुषाच्या छातीत गाठ लागली तर कोणती तपासणी आधी करायची

आपल्या जळगाव-धुळ्याकडे काय होतं, घरातल्या आबांच्या निपलजवळ गाठ लागते, ते लाजेपायी कोणाला बोलत नाहीत, बनियनखाली झाकून ठेवतात आणि दुखत नाही ना मग जाऊ दे म्हणत वर्ष काढतात. पण कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या १०० पेशंटमध्ये पुरुष एखादाच, तोही सहसा साठीच्या आसपासचा, पण असतो.

आधी सर्जनला दाखवा, ते हातानेच तपासतात. बहुतेक वेळा गायनेकोमास्टिया निघतो, म्हणजे निपलच्या बरोबर मागे रबरासारखी, दाबली तर दुखणारी, कॅन्सर नसलेली गाठ. वयात येणाऱ्या पोरांना होते, बहुतेकांची आपोआप जाते. दारूने लिव्हर खराब झालं असेल, जिमवाल्याने दिलेले स्टिरॉइड असतील, प्रोस्टेटची किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तरी होते, म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत न्याच. डॉक्टरांना हाताने खात्री पटली तर सोनोग्राफी-मॅमोग्राफीची (मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्सरे) गरजही पडत नाही.

पण गाठ कडक आहे, निपलच्या बरोबर मागे नसून बाजूला आहे, निपल आत ओढलं गेलंय, त्यातून रक्त येतंय किंवा काखेतही गाठ लागतेय, तर थांबू नका.

हाताने नक्की कळत नसेल आणि वय २५ च्या आत असेल तर आधी सोनोग्राफी, २५ च्या वर असेल किंवा वरची लक्षणं असतील तर आधी मॅमोग्राफी आणि त्यात शंका आली की सोनोग्राफी, असा क्रम असतो. छातीचा साधा एक्सरे नॉर्मल आला म्हणून निवांत बसू नका, तो फुप्फुसांसाठी असतो, ही गाठ त्यात कळत नाही. एमआरआय तर सहसा लागतच नाही, उगाच पैसे घालू नका.

मॅमोग्राफीचं मशीन सगळीकडे नसतं, त्यामुळे चोपडा, शहाद्याहून निघायच्या आधी फोन करा आणि पुरुष पेशंट आहे हे स्पष्ट सांगा, काही जण "हे बायकांचं आहे" म्हणून परत पाठवतात, तसं काही नसतं, पुरुषाचीही व्यवस्थित होते. त्या दिवशी पावडर, डिओ काही लावू नका, त्याचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढतात, म्हणजे तुलना करता येते. दाबताना दुखतं पण काही सेकंदच.

रिपोर्टमध्ये बायरॅड्स नंबर बघा, म्हणजे कॅन्सरची शंका किती आहे ते सांगणारा ० ते ६ मधला आकडा. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधी गाठ, ३ असेल तर काही महिन्यांनी परत बघतात, ० म्हणजे अजून फोटो लागतील, ४ किंवा ५ आला तर सुईची बायप्सी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो असं गावात कोणीतरी सांगेलच, त्या भीतीने बायप्सी टाळू नका, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन सोनोग्राफीत बघत बघत बारीक तुकडा काढतात आणि त्यावरच पुढचं ऑपरेशन ठरतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.