काळी पट्टी मारली, मजकूर तसाच राहिला

माहिती अधिकारात कागद देताना पीडीएफवर काळा चौकोन ओढायचा आणि फाइल पाठवून मोकळं व्हायचं, हे अजूनही सर्रास चालतं. चौकोन मजकुरावर नुसता ठेवलेला असतो. खालची अक्षरं फाइलमध्ये शाबूत असतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात असाच कागद दाखल केला. काळा भाग कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की झाकलेली वाक्यं वाचता येत होती. म्हणून फाइल पाठवण्याआधी कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. झाकलेलं एक अक्षर जरी उमटलं तरी काम झालेलं नाही. स्कॅनलाही हीच चाचणी; ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) झालं असेल तर चित्रामागे मजकुराचा थर असतो. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूतलं रिडॅक्ट (मजकूर झाकायची सोय) फुकट आहे. शेवटी रिडॅक्टेड एक्स्पोर्टच निवडा, म्हणजे पानांचं चित्र होतं. फाइल जड होते, त्यात शोधता येत नाही. होऊ दे.

एक्सेल त्याहून घातक. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडे एका अर्जदाराने हुद्द्यांनुसार संख्या मागितली. दिलेल्या फाइलमध्ये एक लपवलेली शीट राहून गेली: ९,४८३ जणांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं. ती दोन तासांहून अधिक वेळ इंटरनेटवर होती, तीही जिथे पोलिसांच्या जिवावर उठणारे लोक आहेत अशा भागात. पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. शीट हाइड करणं म्हणजे काढणं नव्हे. अनहाइडची यादी पाहूनही निर्धास्त होऊ नका, काही शीट त्या यादीतही दिसत नाहीत. पिव्होट टेबल (डेटाचा सारांश काढणारा तक्ता) तर मूळ डेटा पोटात घेऊन फिरतं. लागेल तेवढंच कोऱ्या वर्कबुकमध्ये पेस्ट व्हॅल्यूजने, म्हणजे नुसते आकडे-मजकूर, न्या. दोन मिनिटांचं काम आहे, तेवढीही सवड नसेल तर फाइल देऊच नका.

आधारच्या प्रतीवर आकडे झाकतात आणि क्यूआर कोड उघडा ठेवतात. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो सगळं असतं. तोही झाका.

नंबर धूसर करू नका, गडद काळाच करा.

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्स राहतात. असली लपलेली माहिती शोधून काढणारं वर्डमधलंच डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवा.

कागदावर मार्कर मारलात तर उजेडात अक्षरं दिसतात. मार्कर मारलेल्या पानाची झेरॉक्स काढा, ती उजेडासमोर धरून बघा आणि झेरॉक्सच द्या.

भाग वगळलात तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे कारणं आणि निर्णय देणाऱ्याचं नाव व पदनाम अर्जदाराला कळवा.