किशोरवयीन मुलांमधील नैराश्य: पालकांनी ते कसे ओळखावे आणि काय करावे

किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपात समोर येते, आणि म्हणूनच घरात ते उद्धटपणा, आळस किंवा मोबाइलचे वेड म्हणून खपून जाते. त्यातून वर्ष दहावीचे किंवा बारावीचे असेल, तर प्रत्येक बदलाचे खापर अभ्यासाच्या ताणावर फोडणे सोपे होते.

सर्वप्रथम, निष्कर्ष न काढता दोन आठवडे नीट पाहावे. झोप, जेवण, शाळा, मित्र आणि आवडीची एखादी गोष्ट यांत काय बदलले, ते रोज वहीत दोन ओळींत लिहून ठेवले तर पुढे डॉक्टरांनाही उपयोग होतो. रोज पाचच्या ठोक्याला मैदानावर पळणारा मुलगा पाय दुखतो म्हणून घरी बसला, तर त्यात विशेष काही नाही. पाय बरा झाल्यावरही तो गेला नाही आणि बोलवायला आलेल्या मित्रांना त्याने दारातूनच परत पाठवले, तर ती नोंद महत्त्वाची आहे. आईवडिलांशी तुटक बोलणारे, पण मित्रांशी फोनवर खिदळणारे मूल बहुधा वयाप्रमाणेच वागत असते. मित्रही नकोसे झाले, शाळेच्या वेळी रोज पोट दुखू लागले, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो' अशी वाक्ये कानावर आली, आणि हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर मात्र थांबू नये.

बोलण्यासाठी मुलाला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नये. मटार सोलताना किंवा रात्री शतपावली करताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा वेळी, मुले अधिक मोकळी होतात. 'गेले काही दिवस तू नीट जेवत नाहीस, मला काळजी वाटते' एवढे म्हणून गप्प राहावे. हे गप्प राहणेच पालकांना सर्वांत जड जाते. 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी मुलाला तो आरोपासारखाच ऐकू येतो. उत्तर 'काही नाही' असे आले, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

'मरून जावे असे विचार मनात येतात का?' हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर रागावू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये, आणि घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात ठेवावीत. कसे मरायचे हेही त्याने ठरवले असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे किंवा 112 वर फोन करावा. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

तातडी नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालते, कारण थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांतही असाच थकवा दिसतो. मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात, मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात. सौम्य नैराश्यात बहुधा समुपदेशनापासून सुरुवात होते. औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे बारीक लक्ष ठेवावे, आणि बरे वाटू लागले म्हणून किंवा 'गोळ्यांची सवय लागेल' असे एखाद्या नातेवाइकाने सुचवले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

दरम्यान वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे, शक्य असल्यास एखादा क्लास काही काळ बंद ठेवावा आणि उठण्याची वेळ ठरवून द्यावी. मात्र कोणाला काय सांगायचे, हे आधी मुलाला विचारूनच ठरवावे. आपल्या आजाराची बातमी त्याला मावशीच्या फोनवरून कळता कामा नये.