नाथसागरावर मासे खाताना बिल फुगू नये म्हणून

पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठी ढाब्यावर मासा किलोवर मिळतो, आणि बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त येतं. खुर्चीवर बसायच्या आधी एवढं करा:

१. मासा स्वतः बघून निवडा. कल्ला उचलून बघा, आतून लालभडक हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर दुसरा मागा.

२. वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं, ते विचारा. सगळा फरक इथेच पडतो. डोकं, खवले, आतडी गेली की किलोचा रोहू बराच कमी भरतो. वजन आधीचं असेल तर डोकं-शेपटी रश्श्यात टाकायला सांगा. रश्श्याला खरी चव त्यानेच येते.

३. भावात तळण्याची मजुरी आणि मसाला धरलाय का, तेही विचारून घ्या. भाकरीचे पैसे बहुतेक वेगळेच लागतात.

ऑर्डर देऊन मगच धरण बघायला जा, थांबायचा वेळ वाचतो.

लहान मुलं सोबत असतील तर रोहू-कटला देऊ नका, त्यात बारीक काटे फार. थोडी महाग पडली तरी मरळ घ्या.